मायच्या सुपातला गिअरबॉक्स

प्रिय दादा,

तू गेल्यापासून तुला काही लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. लिहून पाठवायचं तरी कुठे? पण आज दुपारी तुझ्या गाडीच्या इंजिनातून एक वॉशर निघाला, आणि तेव्हापासून मी मागच्या खोलीचं दार लोटून बसलो आहे. माय बाहेर अंगणात आहे. तिच्यासमोर जायला मला तोंड नाही. कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून तुझ्याशी बोलतो आहे. लिहायला बसलं की हातात शाळेतली भाषा येते, हसू नकोस.

तुझी ती बुटकी फटफटी! गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच सुमाराला तू ती कोणाच्या तरी गोठ्यातून, तणसाच्या ढिगाखालून काढून आणलीस. एवढुशी चाकं, सायकलपेक्षा खाली सीट. तू असा उंच, तुझे गुडघे हॅन्डलला लागायचे. आपल्या आंधळगावातली पोरं मागे धावायची, "सर्कसची गाडी आली, सर्कसची गाडी आली!" तुला काय, तू उलट हॉर्न वाजवायचास. पार्ट मिळायचे ते फक्त गोंदियाच्या एका म्हाताऱ्याकडे. "आता एका नटासाठी परजिल्ह्यात जावं लागते बे," असं म्हणून खो खो हसायचास.

तू गेल्याला वर्ष झालं, त्या दिवशीच्या पुण्यानुमोदनाला वहिनीनं विषय काढला. जेवणं आटोपली होती, भंतेजी नुकतेच गेले होते. ती म्हणाली, "भाऊजी, ते गाडी चालू करून द्या. मोहाडीले शिवायच्या दुकानात जाते तर रोज ऑटोची वाट पाहावं लागते. दुसऱ्या कोणत्या गाडीवर माझे पाय नाही पुरत. हे बुटकी मले जमंन."

आणि मी काय केलं? छाती फुगवली! "दादाच्या हाताखाली शिकलो आहे मी. गिअरबॉक्स खोलून नवा करून देतो, बघत राहा." सगळे ऐकत होते. वहिनीच्या वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तुझ्या हाताखाली मी शिकलो म्हणजे काय, तू लोकांच्या गाड्या खोलायचास तेव्हा पाने धुऊन दिले आणि चहा आणला. पण त्या दिवशी मला कोण थांबवणार?

दुखणं तुला माहीत होतंच. दुसरा गिअर टाकला की चढावर खट्कन सुटायचा. तू त्याला पायानं दाबून धरायचास आणि तसाच घरी यायचास. "खोलू एखाद्या दिवशी" म्हणत वर्षं काढलीस. आणि मग एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेलास. एवढी कसली घाई होती रे? निदान ते इंजिन तरी एकदा माझ्यासमोर उघडून दाखवायचं होतंस.

मग मीच उघडलं. क्लच काढला, इंजिनाचं बाहेरचं कवच, तो केस, खोलला, दोन्ही शाफ्ट बाहेर काढले. दुसऱ्या गिअरचे दात कडेनं साफ गोल झाले होते, सुटणार नाही तर काय? तुझी शिकवण आठवली, जे ज्या क्रमानं निघतं ते त्याच क्रमानं सुपात मांडायचं. सुपाला काठ असतो, काही घरंगळत नाही. पाऊस आला, पाहुणे आले, तर सगळा गिअरबॉक्स जसाच्या तसा उचलून आत नेता येतो. लोक ट्रे घेतात, तू सूप घ्यायचास. तुझं ते ऑईलनं काळं झालेलं, कोपरा फाटलेलं सूप. "मायच्या सुपाले हात लावायचा नाही," हेही तूच सांगितलं होतंस.

तुझं सूप उंदरांनी खाल्लं होतं. मी मायचं घेतलं. नवंकोरं, तिनं आठवडी बाजारातून आणून, सारवून, उन्हात वाळवून ठेवलेलं. तिला विचारलं नाही, सांगितलंही नाही. वर पेपर पसरला, त्यावर एकेक गिअर, एकेक चकती मांडली, आणि सूप याच खोलीत कोपऱ्यात ठेवून नवीन गिअर आणायला गोंदियाला गेलो.

त्याच दिवशी वहिनीचे वडील आले. त्यांच्यासाठी तांदूळ पाखडायला मायला सूप पाहिजे होतं. तिनं पाहिलं तर सुपात लोखंड! तिनं काय करावं? पेपर चारी बाजूंनी धरून सगळं घमेल्यात सोडलं, वर फडकं झाकलं, सूप पुसलं आणि बसली पाखडायला. दुसरं काय करणार होती ती? सूप तिचं होतं रे!

मी आलो, घमेलं पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. तरी बसलो. संध्याकाळपर्यंत अंगणात खाट टाकून एकेक तुकडा जुळवला. सगळं बसलं, पण एका शाफ्टला एक पातळ वॉशर कमी. शाफ्ट इकडून तिकडे सरकायचा. घमेलं तीनदा उलटंपालटं केलं. नाही म्हणजे नाही. दुसरा बनवून घ्यावा, तर लेथवाला विचारणार जाडी किती. मूळ वॉशरच नाही, तर जाडी कुठून आणू?

मग मी ओरडलो. मायवर. वहिनी होती, तिचे वडील होते, शेजारची रेखाकाकू कुंपणाशी उभी होती. "अक्कल आहे का तुले? दादा तर गेला, आता त्याची गाडीबी मारली तू!"

हे शब्द, दादा. जसेच्या तसे. आणि माझ्याच तोंडून.

 मायनं हातातला तांब्या खाली ठेवला आणि ती आत गेली. रेखाकाकू मला म्हणाली, "जाऊ दे बाबू, म्हातारं माणूस आहे. तू तं लय मेहनत करून राहिला." आणि खरं सांगू? मला आतून हायसं वाटलं. महिना होऊन गेला होता, गाडी जोडता येईल की नाही याची मलाच खात्री राहिली नव्हती. आता कोणी विचारलं की सांगायला कारण मिळालं. मायनं वॉशर हरवला, मी काय करू? वहिनीनं विचारलं तेव्हा हेच सांगितलं. पारावर कोणी विचारलं तेव्हाही हेच. लोक चुकचुकायचे, मी मान खाली घालायचो. किती सोयीचं होतं ते मान खाली घालणं!

वहिनी तेव्हापासून मायशी तोडून बोलते. "जेवा", "आली", "जाते", बस एवढंच. वाईट नाही ती, तुला माहीत आहे. तिला ती गाडी म्हणजे तू वाटतोस.

आणि माय? मायनं शोध सुरू केला. कोंड्याचा ढीग चाळणीनं चाळला. कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातला. तुझ्या जुन्या टेपच्या स्पीकरातलं चुंबक कुठून काढलं कोण जाणे, त्याला दोरी बांधली आणि अंगणभर ओढत फिरते. धानाच्या रोवणीला जायची त्या वयातही ती अशी वाकून फिरली नसेल. त्या चुंबकाला काय काय लागतं! खिळे, केसांच्या पिना, ब्लेडचे तुकडे. जे गोल असेल ते पदराला पुसून माझ्याकडे आणते.

"हे होय का गा इनोद?"

"नाही."

"हे पाह्य बरं."

"नाही वो माय, काहून डोकं खाते?"

तीच माय, जिला विचारल्याशिवाय तू पाणीसुद्धा प्यायला नाहीस, ती आता मला विचारते, "इथलं ताट उचलू का? काही ठेवलं तं नाही ना त्याच्यात?" माझ्या घरात नाही रे, तिच्या स्वतःच्या घरात!

आज दुपारी इंजिनाचा केस धुवायला घेतला. इतके दिवस रागानं त्याला हात लावला नव्हता. तू दर वेळी म्हणायचास, जोडायच्या आधी केस पूस आणि आत बोट फिरव. मी फिरवलं नव्हतं. आज रॉकेलचा बोळा आत घातला, बोट बेअरिंगच्या मागे गेलं, आणि नखाला काहीतरी अडकलं. घट्ट झालेल्या ऑईलनं केसला चिकटलेला, कागदासारखा पातळ. वॉशर! तो सुपात कधी आलाच नव्हता, दादा. शाफ्ट काढला तेव्हापासून तिथंच बसून होता.

आनंद व्हायला पाहिजे होता ना? मी तो मुठीत घेतला आणि दार लोटून घेतलं.

हे लिहीत होतो तेव्हा दार ढकलून माय आत आली. हातात एक कडी, मोडक्या छत्रीची. "हे तं असंनच, इनोद. चुंबकाले अशी चिपकली ना!" तिच्या कपाळाला कोंडा लागला होता. वॉशर माझ्या डाव्या मुठीत होता. मी कडीकडे पाहिलं आणि म्हणालो, "नाही."

म्हणालो रे! वॉशर मुठीत असताना. ती "बरं" म्हणून परत बाहेर गेली, आणि दोरी ओढल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. तू असतास तर माझ्या कानाखाली वाजवली असतीस. कधी नाही मारलंस मला, पण आज मारलं असतंस.

मधे लिहिणं थांबवलं होतं. बाहेर जाऊन आलो.

ती खुराड्याजवळ वाकली होती. मी हाक मारली. "माय, सापडला."

"कुठी? कोंड्यात?"

"नाही. इंजिनातच होता. सुपात आलाच नव्हता तो. मीच नीट पाहिलं नाही."

तिनं वॉशर घेतला नाही, नुसता पाहिला. मग पायरीवर बसली. मला वाटलं आता बोलेल, शिव्या घालेल. घालायलाच पाहिजे होत्या.

"मंग म्या नाही हरवला?"

"नाही माय."

"पक्कं?"

"पक्कं."

"मले वाटे," ती म्हणाली, "पोराची एकच गोष्ट घरात होती, तेबी माह्याच हातानं गेली. फोटोकडं पाहू नाही शकत होती मी." दादा, तुझ्या फोटोला रोज फूल वाहणारी माय, ती इतके दिवस फूल वहिनीच्या हातात देऊन बाजूला व्हायची. मला वाटलं गुडघे दुखतात. विचारलंही नाही मी.

मी पाया पडायला वाकलो, तर तिनं हात धरला. "मले काहून सांगतं? मले तं आता समजलं. साऱ्यायसमोर बोलला होतास ना? सुनेले सांग."

उठली, आत गेली. थोड्या वेळानं पाहिलं तर तुझ्या फोटोची काच पदरानं पुसत होती.

मला माहीत आहे, आज संध्याकाळी वहिनी आली की तिला स्वयंपाकघरात गाठून, हळूच, "अहो वहिनी, तो वॉशर ना..." असं सांगून मोकळं व्हावं असंच मला वाटणार. मी ओळखतो मला.

म्हणून तुला वचन देतो. रविवारी वहिनीचे वडील येणार आहेत. रेखाकाकूलाही बोलावतो. त्याच अंगणात, मायला खाटेवर बसवून, ओरडलो होतो तेवढ्याच मोठ्यानं सांगेन, की वॉशर इंजिनातच होता, मी पाहिला नाही, आणि लाज झाकायला मायचं नाव घेतलं. पारावरही सांगेन. ते होईपर्यंत केसच्या एकाही बोल्टला पाना लावणार नाही, वहिनीनं कितीही घाई केली तरी. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, तर दुसऱ्यांदा सांगेन.

तुझा,
विन्या