चौघांची होडी

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकला असशील. फोनवर तू आवाज चढवतोस आणि माझी वाक्यं अर्धी राहतात. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबांची होडी परत मिळाली. तुझे निवृत्त साहेब घर बदलताहेत. त्यांच्या मागच्या अंगणात ती ट्रेलरसकट वेलींखाली उभी होती, केबिनमध्ये कुत्री व्यालेली. साहेब लगेच घेऊन जा म्हणाले. वर असंही म्हणाले की त्यांनी ती कधी मागितलीच नव्हती. त्यांना पाण्यात मळमळतं. तूच आग्रह करकरून ती त्यांच्या दारात आणून उभी केलीस. परत येताना मी गाडीत एकटीच मोठ्याने बोलत होते. बाबा ‘दोघांची’ म्हणून गेले होते, दादा. माझं ऑपरेशन झालेलं, मी अंथरुणावर, आणि तुझ्या बढतीच्या दिवसांत तू ती भेट देऊन मोकळा झालास. मला कळलं ते साहेबांच्या घरच्या फोटोत ती मागे दिसली तेव्हा.

तेव्हापासून ती आमच्या दारात आहे. शेजारी विचारतात, पूर कधी येणार. तुझ्या मेहुण्यांनी, आमच्या दातवाल्या डॉक्टरांनी, तळाच्या भेगा दाढ भरावी तशा आधी कोरल्या, मग भरल्या; काम करताना सवयीने तिला ‘आ कर’ म्हणतात. तंबू शिवणाऱ्याकडून नवं शीड शिवून घेतलं. ट्रेलरची चाकं, दिवे, डोलकाठी उभी करायची कप्पी, सगळं नवं. नांगर, जॅकेटं, पाण्याचे कॅन आणि कोपऱ्यात झाकणाची बादली, जिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही पण सगळे तिला निरखून जातात.

मेच्या सुट्टीत मोठ्या तलावावर जायचं ठरवलं आहे. रोज पुढच्या काठापर्यंत जायचं, रात्री होडीतच झोपायचं. तुमची पोर कधीपासून मागे लागली आहे, तिला आणि वहिनीला बोलावते. तूही ये. पण झोपायच्या जागा चारच आहेत. आम्ही दोघं, वहिनी, पोर. वारा बिघडला तर होडी बाहेर काढता यावी म्हणून रिकामा ट्रेलर रोज रस्त्याने पुढच्या काठाच्या उतारावर न्यावा लागतो. ते काम तुझं. बायको-मुलगी पाण्यावर आणि तू काठाकाठाने, रिकामा ट्रेलर ओढत. लहानपणी होडी आडवी झाली आणि तू तोंडात शेवाळ धरून बोकडासारखा वर आलास, ती बाबांची गोष्ट मी पोरीला पहिल्याच रात्री सांगणार आहे.

हे सूड म्हणून करते आहे का, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर ‘हो’ आलं. खात्रीसाठी पुन्हा विचारलं. तेच आलं. ‘चुकलो’ हा एक शब्द तू लिहिलास तर पाचवी जागा करता येते का ते बघेन.

तोवर लोभ आहे तेवढाच असू दे.

धाकटी


१५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ट्रेलर मी नेईन, काही हरकत नाही. पाचवी जागा करायच्या भानगडीत पडू नकोस. होडी चौघांची आहे ती चौघांचीच ठेव.

एक सांगतो. सामान भरताना जड वस्तू मागे टाकू नकोस. नांगर आणि पाणी पुढे, गाडीच्या बाजूला. मागे वजन झालं की उतारावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग गाडी चालवणारा नुसता प्रवासी उरतो. उतारावर पोचलीस की होडी पाण्यात सोडण्याआधी तळाच्या भोकाचं बूच लावलं आहे का ते बघ. भले भले विसरतात. जॅकेटं चौघांनी कायम घालायची, झोपताना काढली तर उशाशी.

गल्लीला पुराबद्दल माझ्या वतीने दिलासा दे. डॉक्टरांना नमस्कार. मायेत खंड नको.

दादा


२१ मे

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचलात हे कळलं. पोरीची टोपी इथेच राहिली आहे, मी ती आरशावर लटकवली आहे.

वहिनी, माझ्या डोक्यात एक काटा राहिला आहे. मी दादाला किनाऱ्यावर ठेवलं ते त्याला डाचावं म्हणून, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण त्याला डाचलं कुठे? रोज आपण उतारावर पोचायच्या आधी तो ट्रेलर लावून, घडीची खुर्ची टाकून बसलेला. चेहरा कसा, तर सासरहून माहेरी आल्यासारखा. पहिल्या रात्री मी बोकडाची गोष्ट सांगितली, पोर पोट धरून हसली, आणि तो बाहेर गाडीत मागचं सीट पाडून घोरत होता. दुसऱ्या दिवशी पोर म्हणाली, बाबांबरोबर गाडीतून येते, तिथे गाणी लावता येतात. मग आमचे डॉक्टर मानेचं कारण सांगून गाडीत. शेवटच्या दिवशी तुम्हीही, ऊन लागतं म्हणून. मी शिक्षा केलेल्या माणसाची गाडी भरलेली आणि चार जागांच्या होडीत मी एकटी. वारा उत्तम होता, शीड सुरेख फुगलं होतं, आणि दाखवायला शेजारी कुणी नाही. झाकणाची बादली तेवढी होती.

मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. नाही आलं. मी नोकरीत दुसऱ्यांचं रक्त तपासते. एखादा आकडा पटला नाही तर नमुना पुन्हा लावते. हा आकडा मला पटत नाही. त्याला होडीची काहीच किंमत नसेल तर माझा राग भिंतीवर डोकं आपटण्यासारखा आहे. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, त्याला का लागलं नाही?

तुमच्यावरचा राग मात्र ऊन उतरलं की गेला. माया पूर्वीसारखीच राहू द्या.

धाकटी


२ जून

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, मग बसून. सांगू की नको यात आठवडा गेला. हे गुपित सांभाळून मी थकले आहे, तेव्हा मी सांगितलं असं तू खुशाल लिही.

तुझ्या दादाला पाण्याची भीती वाटते. थोडीथोडकी नाही. लहानपणी होडी आडवी झाली तेव्हा तो शिडाखाली अडकला होता. वर कापड, खाली पाणी, तोंड काढायला जागा सापडेना. तुम्हाला दिसलं ते नंतरचं, शेवाळ आणि बोकड. मामंजी ती गोष्ट प्रत्येक जेवणावळीत सांगायचे आणि हा सगळ्यांच्या आधी हसायचा. आजही तो अंघोळीला बादलीच घेतो, डोक्यावरून फवारा सोडत नाही. मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं.

तुझं मार्चमधलं पत्र त्याने मला वाचून दाखवलं. ट्रेलरच्या ओळीपाशी आल्यावर थांबला आणि म्हणाला, सुटलो. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. तू शिक्षा म्हणून जे दिलंस, धाकटे, ते त्याने मागून घेतलं असतं.

हे वाचून तू मऊ होशील असं वाटत नाही. मला तसा आग्रहही नाही. मीही त्याच्यावर चिडते ना. टोपी असू दे तुझ्याकडे.

तुझी वहिनी


९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने सगळं सांगितलं. सांगितलं असं लिहायला तिनेच सांगितलं आहे, तेव्हा तिच्याशी भांडू नकोस.

वाचल्यावर मी आधी रडले. मग डोळे पुसले आणि राग जागेवर आहे का ते पाहिलं. होता. कशामुळे, हे मला स्वतःला समजावून घ्यावं लागलं. भीती वाटत होती हे मला मान्य. त्याने होडी नकोशी झाली हेही मान्य. पण नकोशी झालेली वस्तू माणूस बहिणीला देतो. मी त्याच गावात होते. टाके सुकले की उठणार होते. भीती तुला होडीपासून लांब नेईल. साहेबाच्या दारात कशी नेईल? तिथे तुझा तू गेलास.

म्हणजे मी तुला खरी शिक्षा अजून केलेलीच नाही. आता मला दुखरी जागा माहीत आहे. घाबरलेल्या माणसाची भीती वापरणं किती नीच आहे ते मला कळतं. तरी लिहिते. पावसाळा संपला की होडी पुन्हा पाण्यात जाईल. तू त्यात बसायचंस. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. ट्रेलर डॉक्टर आणतील. नाही आलास तर मी तुला बोकड म्हणणार नाही. काहीच म्हणणार नाही, कधीच.

लोभ आता तुझ्या उत्तरावर आहे.

धाकटी


२८ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तीन कागद फाडून हा चौथा.

साहेबाला का, तुला का नाही, असं तू विचारतेस. याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. तुला दिली असती तर प्रत्येक सुट्टीत तू मला बोलावलं असतंस. मी नाही म्हटलं असतं, तू का विचारलं असतंस, आणि तू विचारायला लागलीस की सोडत नाहीस. साहेब मला कधीच बोलावणार नव्हता. बढती डोक्यात नव्हती असंही नाही. एका दगडात दोन पक्षी मरतात असं वाटलं. तू अंथरुणावर होतीस म्हणून ते दिवस निवडले, हेही खरं. उठलेली असतीस तर ट्रेलरपुढे आडवी पडली असतीस.

येतो. तुला हवा तो शब्द इथे लिहीत नाही. कागदावर तो फार स्वस्त पडेल. पाण्यावर सांगेन, जिथून मला उठून जाता येणार नाही.

माझं जॅकेट मोठ्या मापाचं घे. माया कर किंवा करू नकोस, पण पोचेपर्यंत बोलत राहा.

दादा


६ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मोठ्या मापाचं जॅकेट आणलं. बंद कसे आवळायचे ते तुला काठावर दाखवेन.

होडीत आपण दोघंच असू. बाकी सगळे गाडीतून येतील, त्यांना तशीही गाडीच आवडते. सुकाणू तुझ्या हातात राहील. मी मुद्दाम असं ठरवलं आहे आणि त्यात दुष्टपणा आहे. पण सुकाणू धरलेल्याला होडी कुठे वळणार ते आधी कळतं, नुसत्या बसलेल्याला कळत नाही. शीड मी सांभाळेन. ते तुझ्या अंगावर येऊ देणार नाही.

मी पुढच्या टोकाला बसेन, तुझ्याकडे पाठ करून. पोचेपर्यंत बोलेन, मात्र तू तो शब्द सांगायला लागलास की गप्प होईन. तू रडलास तर मला दिसणार नाही. ही सोय तुझ्यासाठी आहे की माझ्यासाठी, हे मी रोज स्वतःला विचारते आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

लोभाचं काय ते पलीकडच्या काठावर पोचल्यावर.

धाकटी