फुटकी लादी

जळगाव,
दि. ५ मे २०२५

ती. भाऊस,

प्रेमराजचा नमस्कार. वहिनींनाही नमस्कार, पोरांना आशीर्वाद. इकडे उन्हानं जीव नकोसा झालाय, पण आमच्या धंद्याचे हेच दिवस.

तुझी चिठ्ठी मिळाली. येत्या रविवारी नानांचं वर्षश्राद्ध, आणि आपल्या सारिकाची समजूत मी घालावी म्हणतोस. वर्ष झालं, ती तुझ्याशी बोलत नाही. "भाऊनं दोन तास धीर धरला नाही, बापाचं तोंड बघू दिलं नाही," एवढंच धरून बसलीय.

आता बरी माझी आठवण झाली! नाना गेले तेव्हा कुठं होता माझा नंबर? लागला नाही म्हणालास. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिवसभर खिशातच होता फोन. एकदाही वाजला नाही. चार वर्षांपूर्वी मी शेत सोडून बर्फ कोरायला आलो, तेव्हा नाना म्हणाले, "हाई काय काम शे? बठ्ठं पानीमा जाई." सगळं पाण्यात जाणार, एवढं बोलून ते मोकळे झाले. अबोला धरलास तो तू.

मी इथं काय शिकलो ते तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगतो. लग्नाच्या मांडवात ठेवायचे हंस, मोर, गणपती आम्ही बर्फाच्या लादीतून कोरतो. आमच्या शालिग्राम आप्पांनी वर्षभर मला पटाशीला हात लावू दिला नाही. नुसत्या लाद्या निवडायच्या. पोटात पांढरी असली की बाजूला, आरपार दिसली की गोणपाटात गुंडाळून ठेवायची. कारखान्यातून आल्या आल्या तर तिला शिवायचंही नाही. "घाम फुटू दे रे तिला, मग पटाशी लाव," हे आप्पांनी शंभरदा सांगितलं असेल.

गेल्या मेमध्ये त्या दिवशी आप्पा धुळ्याच्या लग्नात होते. इथला हंस पहिल्यांदाच माझ्या एकट्यावर सोडलेला. मुहूर्त बाराचा, लाद्या तीन. मला कुठला दम निघतोय! घाम फुटायच्या आत पटाशी मारली, आणि पहिलीच लादी फुटली.

तेवढ्यात एक टेम्पोवाला आला. एरंडोलकडे मयत झालंय म्हणाला, "पोर सुरतथीन ई ऱ्हायनी." पोरगी सुरतेहून येईतो मयत ठेवायचंय, दोन अख्ख्या लाद्या दे. रात्रभर लाईट नव्हती, त्यामुळे कारखान्यात दुसरा बर्फ नव्हता. बिचाऱ्यानं हात जोडले.

आपलं गाव एरंडोलकडचं, आपली सारिकाही सुरतेलाच. एरंडोल ऐकलं, सुरत ऐकलं, तरी माझ्या डोक्यात हंसाची मान! फुटक्या लादीचे तुकडे युरियाच्या पोत्यांत भरले आणि दिले त्याच्या टेम्पोत टाकून. फुटकी कशी चालेल म्हणून तो कुरकुरला, तर वर म्हणालो, "मयतले काय कळस, अख्खी शे का फुटेल?"

कळलं का भाऊ आता? तुकडे अख्ख्या लादीसारखे टिकत नाहीत. नानांखाली दुपारपर्यंत पाणीच उरलं असणार. लोक उचला म्हणाले, तू तरी काय करणार होतास? अडीचला सारिका पोचली तेव्हा चिता पेटलेली होती.

तीन वाजता तिचा फोन आला. हुंदके देत म्हणाली, "दादा, नाना गेले रे. जळगावहून पोत्यात बर्फाचे तुकडे आणले होते म्हणे. कुण्या मेल्यानं दिले?" समोर मांडवात लोक माझ्या हंसाबरोबर फोटो काढत होते. हंस झकास झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी घरी आलो, तर ओट्यावर सगळ्यांदेखत ती तुला वाट्टेल ते बोलत होती. तू मान खाली घालून ऐकलंस. मी तोंड उघडलं असतं तर तिथंच मिटलं असतं. नाही उघडलं. खरं सांगू? मला बरं वाटलं. मला कळवलं नाहीस ना, मग भोग म्हटलं. आणि वर्षभर तुला भोगू दिलं.

तिची समजूत माझ्याच्यानं निघणार नाही. तीनदा फोन लावला, तीनदा इकडचं तिकडचं बोलून ठेवला. हे पत्रच तिला पाठव. तुझ्या हातचं घेणार नाही, वहिनींना पाठवायला सांग. ती तुझ्याशी बोलायला लागेल आणि माझ्याशी बोलायची थांबेल. रविवारी मी येतो. तिनं दारातून परत धाडलं तर तू मध्ये पडू नकोस.

तू फोन केला नाहीस, ते मात्र मी तुला माफ केलेलं नाही. आणि माझं तूही करू नकोस.

नानांना तुकडे पाठवणारा,
तुझा धाकटा भाऊ
प्रेमराज