देवाची वकिली

१४ मार्च, शनिवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझी पाठ कशी आहे? वहिनींना फोनवर विचारलं की त्या नुसतं "चाललंय" म्हणतात, म्हणजे दुखत असणार. उगाच जड उचलू नकोस.

आमचं वर्कशॉप अखेर तळमजल्यावर आलं. एक पाय नसलेल्या माणसांनी कृत्रिम पाय बसवून घ्यायला जिना चढून यायचं, यावर तू किती हसायचास! साहेबांच्या ते लक्षात यायला अकरा वर्षं लागली.

गेल्या महिन्यात एक बस चालवणारे काका आले. एका म्हातारीचं सामान उतरवायला खाली उतरले आणि मागून ट्रक आला. डावा पाय मांडीपासून गेला. मी माप घेत होते, तर एकदम म्हणाले, "ताई, मी रोज देवाचं नाव घेऊन गाडी सुरू करायचो. चांगलं काम करायला उतरलो, तेव्हाच हे का?"

पूर्वी माझ्याकडे यावर तयार उत्तर असायचं. तुला माहीत आहे.

या वेळी म्हटलं, "मला नाही माहीत, काका."

ते म्हणाले, "बरं झालं. इतके दिवस ज्याला त्याला माहीत होतं." आणि जरा वेळाने, "तो पट्टा सैल करा, काचतोय."

त्या दिवसापासून तुला लिहायचं घोळतंय. तीन कागद फाडले.

दादा, आपली मुंगी गेली त्या दुपारी वॉर्डाबाहेर मी तुला म्हणाले होते, "देवाच्या मनात काहीतरी चांगलंच असेल." तू म्हणालास, "माझ्या घरी पुन्हा पाऊल टाकू नकोस." तीन वर्षं झाली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सात वर्षांच्या पोरीच्या बापाला असं कोणी बोलतं का?

पण मी ते का बोलले, हे तुला ठाऊक नाही.

कामावरून सुटायला उशीर झाला, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. मी दोन वाजल्यापासून हॉस्पिटलमध्येच होते. तुमच्या वरच्या मजल्यावर, प्रार्थनेच्या खोलीत. ठरवून बसले होते की देवाने ऐकल्याशिवाय उठायचंच नाही. फोनसुद्धा बंद केला होता, जसं काही त्याचं लक्ष उडालं असतं. मला न्या, तिला ठेवा, असली घासाघीस चालली होती माझी. खाली आले तेव्हा सव्वाचार वाजून गेले होते आणि वहिनी चादरीची घडी घालत होत्या.

पुढे सहा महिन्यांनी एका मुलीच्या पायाचं माप घ्यायला त्याच वॉर्डात गेले. तिथल्या सिस्टरने मला ओळखलं. "तुम्हीच ना आत्या? शेवटपर्यंत विचारत होती, आत्या आली का, आत्या आली का."

तू हे मला कधीच सांगितलं नाहीस. एवढा रागावलेला असतानासुद्धा नाही.

त्या दुपारी ते वाक्य मी देवासाठी बोलले नाही, दादा. मी कुठे होते हे तू विचारू नयेस म्हणून बोलले. त्याच्या आड लपले मी.

त्यानंतर वर्षभर हात जोडवेनात. आता परत बसते, सकाळी कामावर जायच्या आधी, पाचदहा मिनिटं. काही मागत नाही. त्याची वकिलीही करत नाही, त्याचं त्याने बघावं. मुंगीलाच का, याचं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि उद्या कोणी आणून दिलं तरी मला ते नको. असलं कुठलं कारण असणार आहे, जे ऐकून तू किंवा मी "असं होय!" म्हणू? एवढंच वाटतं की तो असलाच, तर त्या दुपारी माझ्या खोलीत नव्हता. खाली होता, तिच्या उशाशी, तुम्ही दोघं होतात तिथे. मीच चुकीच्या मजल्यावर बसून त्याला हाका मारत होते. हा विश्वास की मनाची समजूत, कोण जाणे. यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही.

वहिनींना यातलं काही बोललेले नाही. आधी तुला सांगायला हवं होतं.

माफ कर असं लिहीत नाही, ते तुझं तू ठरव. पण ती त्या दोन तासांत काय काय बोलली, ते तुम्हा दोघांनाच माहीत आहे. मला ते ऐकायचंय. तू बोलावलंस तर येईन, समोर बसेन आणि तुझं सांगून संपेपर्यंत मध्ये एक शब्द बोलणार नाही. नाही बोलावलंस तरी तुझ्या पाठीची चौकशी करत राहीन.

तिची आत्या,
आणि तू म्हणशील तर तुझी बहीण