साहेबांनी प्यायलेल्या नमुन्याबाबत

प्रति,
मा. ग्राहक समाधान अधिकारी,
शहर पाणीपुरवठा (खासगी व्यवस्थापन),
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझ्या नळाच्या पाण्याचा नमुना आपण प्यायल्यामुळे बंद झालेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत.
संदर्भ : आपल्या खिडकी क्र. २ ची तोंडी सूचना, "नमुना घेऊन या."

महोदय,

१. मी न्यायालयाच्या फाटकाजवळ टंकलेखनाचे टेबल लावतो. एकतीस वर्षे लोकांचे अर्ज टाइप करून दिले. स्वतःसाठी अर्ज करण्याची ही पहिलीच वेळ, तरी चूकभूल पोटात घालावी. (पोटाचा उल्लेख हेतुपुरस्सर नाही.)

२. पाण्याचा कारभार कंपनीकडे गेल्यापासून आम्हांस नवे मीटर मिळाले आणि बिलावर हसरा थेंब आला. त्याच सुमारास गल्लीतील नऊ मुलांना जुलाब लागले. माझी नात चिमी, वय वर्षे चार, हिला तीन महिन्यांत तिसऱ्यांदा सलाईन लावले आहे. मुलांचे दाखले घेऊन गेलो असता खिडकीवरील बाईंनी दाखला ग्राहकाचाच लागतो असे सांगून विचारले, "आजोबा, पोरांच्या नावावर कनेक्शन आहे का?" नव्हते. बारशालाच मीटर बसवून घेण्याचे आम्हांस सुचले नाही, हा दोष आमचाच.

३. मग नमुना मागितला. मी बाटलीत पाणी भरून नेले, तर त्यांना तक्रारीचा छापील नमुना हवा होता. तो भरून नेला, तर खिडकीवर दुसरे गृहस्थ होते व त्यांना पाणी हवे होते. तिसऱ्या खेपेस दोन्ही नेले. कागदावर शिक्का बसला आणि बाटली आपल्या टेबलावर ठेवण्याचा हुकूम झाला. त्या दिवशी कार्यालयात नेहमीचे विकतचे पाणी आले नव्हते, असे कळते. शिपाईमामा अजून हळहळतात, "काचेसारखं स्वच्छ दिसत होतं हो!" दिसते तसेच. म्हणून तर नऊ आयांनी ते पाजले.

४. आपण आठ दिवस रजेवर होता, त्याबद्दल मनापासून खेद वाटतो. परंतु त्याच आठ दिवसांत माझ्या तक्रारीवर "नमुना उपलब्ध नाही, सबब प्रकरण निकाली" असा शेरा पडला. महोदय, नमुना उपलब्ध नाही हे खरे, पण त्याची तपासणी झालीच नाही असे कोणी म्हणू नये. एवढी सखोल तपासणी प्रयोगशाळेतही होत नसेल.

५. सबब विनंती की, आपल्या रजेच्या अर्जास जोडलेल्या डॉक्टरी दाखल्याची एक प्रत माझ्या प्रकरणात लावावी. आपण कंपनीचे ग्राहकही आहात, त्यामुळे तो दाखला चालेल. तसेच गल्लीच्या वळणावर गटारातून गेलेली जलवाहिनी तातडीने बदलावी.

६. आपण आठ दिवसांत हिंडूफिरू लागलात, आनंद आहे. आपले वजन अंदाजे ऐंशी किलो असावे. चिमी अकरा किलोची आहे. मागच्या महिन्यात साडेबारा होती. शनिवारी तिला घरी सोडणार आहेत. आम्ही पाणी उकळतो, पण दात घासताना आमची पाठ वळायचीच खोटी, ती हळूच नळाला तोंड लावते. "तातडीने" हा शब्द मी हजारो अर्जांत टाइप केला. त्याचा अर्थ मला या आठवड्यात कळला. मला भीती वाटते, साहेब.

आपल्या प्रकृतीची खरोखर काळजी असणारा,
टंकलेखक, न्यायालयाच्या फाटकाजवळ
(चिमीचे आजोबा)
दिनांक : बुधवार. शनिवारला तीन दिवस आहेत.

सोबत :
(१) छापील नमुना, पुन्हा भरून.
(२) चिमीचा दाखला. ती ग्राहक नाही, तरी वाचावा.
(३) पाण्याची बाटली, नग एक. तिच्यावर लाल शाईने "पिऊ नये" असे लिहिले आहे. घरच्या नळावरही लिहून पाहिले, पण चिमीला अजून वाचता येत नाही.