वडिलांची बहीण, आईची आई

२ जुलै २००७, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून वही सुरू. बँकेची क्लार्क परीक्षा ९ सप्टेंबरला. एकोणसत्तर दिवस. ही माझी तिसरी खेप. अप्पांनी सांगून टाकलंय, ह्या वेळी नाही झालं तर मानाजीच्या दुकानात बसायचं. मानाजी मामाचं टी. नगरला स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षी सोडलं ते डबे विकायला नव्हे.
दोन्ही वेळा रिझनिंगने घात केला. रोज शंभर प्रश्न सोडवणार.
वही मराठीत. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहून घरात सगळे मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ नाहीतर इंग्रजी. देवनागरी फक्त मला येते. शेजारच्या सुनीती काकू नागपूरच्या, त्यांनी माझ्याकडून ऱ्हस्व-दीर्घ घोटून घेतलं. ह्याहून चांगलं कुलूप बाजारात मिळणार नाही.

३ जुलै
सोडवलेले प्रश्न: चौदा. वहीला कव्हर घातलं. वेळापत्रक तीन रंगांत केलं. पाया पक्का हवा.

५ जुलै
क्लास लावला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, अड्यारला. इथे आवडीत, आमच्याच उपनगरात, तीन क्लास आहेत, पण तिथे ओळखीची मुलं माझ्या पद्धती चोरतील. जाऊन-येऊन साडेतीन तास. हरकत नाही, गाडीत अभ्यास करणार.

६ जुलै
गाडीत अभ्यास झाला नाही. समोरचा माणूस माझ्या गाइडमध्ये बघत होता. गाइड मिटून मांडीवर ठेवलं. तरी बघत होता.

११ जुलै
नातेसंबंधांचे प्रश्न. गाइड, पान ८८. ‘पी ही क्यूच्या वडिलांची बहीण आहे. तर पी ही क्यूची कोण?’ आत्या, आजी, मावशी, बहीण, की माहिती अपुरी? मी लिहिलं, माहिती अपुरी. मागे उत्तर दिलंय, आत्या.
हे चूक आहे. अप्पांनी स्वतःच्या बहिणीच्या मुलीशी लग्न केलं. आमच्या तंजावरकडच्या घरांत मामा-भाचीचं लग्न होतं, त्यात कोणाला काही वाटत नाही. म्हणजे अप्पांची बहीण माझी आत्या, आणि आईची आई म्हणून आजीसुद्धा. मानाजी मामा आईचा भाऊ म्हणून मामा, आणि आत्याचा मुलगा म्हणून आतेभाऊ. एका माणसाला एकच नातं असतं असं धरून चालणाऱ्या गाइडवर भरवसा कसा ठेवायचा?
सोडवलेले प्रश्न: एक. पण मुळापर्यंत.

१३ जुलै
क्लासमध्ये नारायणस्वामी सरांना ही चूक दाखवली. सर म्हणाले, “तंबी, पेपरात तुझी पाट्टी नसते. पेपरात नुसती पी असते.” सगळा वर्ग हसला. मी म्हणालो, पीसुद्धा कोणाची तरी पाट्टी, म्हणजे आजी, असू शकते. सर म्हणाले, “असू दे की! तिला घरी राहू दे. तू आत्या लिही आणि पुढे जा.”
पुढे जा, पुढे जा. एवढी घाई का? गाइडवाल्यांशी सरांचं काही असावं. लक्ष ठेवणार.

२२ जुलै, रविवार
मामाचा फोन. आईला विचारलं, “व्यंकूची परीक्षा कधी, अक्का?” गेल्या रविवारीही हेच विचारलं होतं. तारीख बदललेली नाही हे त्याला माहीत आहे.
विधान १: दिवाळीत मामाच्या दुकानात माणसं कमी पडतात.
विधान २: मामा दर रविवारी माझ्या परीक्षेची चौकशी करतो.
निष्कर्ष: मी नापास व्हायची तो वाट बघतोय.
आईला हे सांगितलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, “अय्यो व्यंकू, तो तुझा मामा आहे रे.” मी म्हणालो, आतेभाऊही आहे. ती उठून आत गेली.

३० जुलै
धाकट्या बहिणीने, हरिप्रियाने, तोच फॉर्म भरला आहे. आज कळलं. “सहजच भरला, अण्णा,” म्हणते. सहज कोणी फॉर्म भरत नाही. तिने गाइड मागितलं. म्हटलं, क्लासमध्ये राहिलं. गाइड तांदळाच्या डब्यामागे ठेवलं आहे.

१ ऑगस्ट
गाइड तांदळाच्या डब्यामागे नाही. हरिप्रिया ओसरीवर बसून पान ८८ सोडवत होती. वीस प्रश्न, अकरा मिनिटं. सगळीकडे एकेकच नातं लिहिलं होतं. पोर भाबडी आहे.

८ ऑगस्ट
भयंकर. ह्या वहीत २२ जुलैच्या निष्कर्षापुढे पेन्सिलीने फुली मारलेली आहे.
हरिप्रियाला जाब विचारला. तिने नाकबूल केलं नाही. म्हणाली, “अण्णा, मी हिंदीच्या चार परीक्षा दिल्यात. दर शनिवारी टी. नगरच्या क्लासला मला कोण सोडायचं? तूच ना?” खरं आहे. मीच सोडायचो, आणि बाहेर दीड तास बसायचो. आत देवनागरी शिकवतात हे ध्यानातच आलं नाही.
वर म्हणते, “तुझं अक्षर छान आहे. पण निष्कर्ष विधानांतून निघत नाही. फुली त्याची आहे.”

९ ऑगस्ट
आजपासून वही सांकेतिक भाषेत. पी म्हणजे आई, क्यू म्हणजे अप्पा, आर म्हणजे एच, एच म्हणजे मामा.
आरने क्यूला सांगितलं की पीने एचला बोलावलं आहे.

१० ऑगस्ट
कालची नोंद लागत नाही. संकेत रद्द. वही उशीच्या अभ्र्यात ठेवणार.

२४ ऑगस्ट
सोळा दिवस उरले. आतापर्यंत हजार प्रश्न ठरले होते असं धरलं (पहिले चव्वेचाळीस दिवस उजळणीचे), तर झाले आहेत दोनशे सहा. पण मी एकेका प्रश्नाच्या चारही बाजू तपासतो. हरिप्रियाचे अठराशे झाले म्हणे. संख्येने काय होतं?
उद्यापासून रोज दोनशे.

२५ ऑगस्ट
नऊ. दुपारी गाइडच्या प्रकाशकाला पत्र लिहिलं. चार पानं. एकही खाडाखोड नाही.

८ सप्टेंबर, शनिवार. सायंकाळी ५
उद्या परीक्षा. मामा स्वतः आला, टी. नगरहून एवढ्या लांब. मुरुक्कूचा, म्हणजे चकल्यांचा, डबा आणला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “नीट लिही, राजा. आपल्या घरातलं कोणीतरी बँकेत पाहिजे.” परीक्षेच्या आदल्या दिवशी तेलकट खाऊ? मी एकही घेतला नाही. हरिप्रियाने सात खाल्ले. बघू उद्या.

९ सप्टेंबर, रविवार. दुपारी ३
परीक्षा झाली. हरिप्रियाचं पोट ठीक आहे.
हॉलमध्ये पर्यवेक्षक सूचना वाचून दाखवत होते, तेव्हा माझ्या मागचा मुलगा फार शांत बसला होता. सूचना संपेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवली. नंतर कळलं, तो देवाचं नाव घेत होता.
गणित, इंग्रजी उत्तम. रिझनिंगमध्ये शेवटचे पाच प्रश्न एका सहा जणांच्या कुटुंबावर. डी हा बीचा मामा. बीचा नवरा कोण? मामाच नवरा असू शकतो! पेपर काढणाऱ्याला हे माहीत नव्हतं. आणि ह्या हॉलमध्ये ते फक्त माझ्या लक्षात आलं होतं.
उत्तराचा गोल काळा केला. पण तेवढ्याने तपासणाऱ्याला काय कळणार? उत्तरपत्रिकेच्या समासात, सुवाच्य अक्षरांत, इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या: साहेब, दक्षिणेतल्या कुटुंबांत अशी लग्नं होतात, तरी पाचही प्रश्नांचे गुण सर्वांना द्यावेत. खाली पूर्ण नाव आणि रोल नंबर, म्हणजे शंका आली तर बोलावता येईल. स्पेलिंग दोनदा तपासलं.
असं समाधान आयुष्यात पहिल्यांदा मिळालं.

१० सप्टेंबर
हरिप्रियाला समासाची गोष्ट सांगितली. ती केस विंचरायची थांबली. मग म्हणाली, “अण्णा, नाव लिहिलंस?” आवाजात स्पष्ट मत्सर होता.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार
निकाल. ब्राउझिंग सेंटरमध्ये गेलो. हरिप्रियाचा नंबर आहे. माझा नाही. तीनदा पाहिलं, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिलं.
मामाच्या गिऱ्हाइकांत बँकेचे लोक आहेत का, हे शोधून काढलं पाहिजे.

२२ ऑक्टोबर
माहितीच्या अधिकारात अर्ज. हरिप्रियाने लिहून दिला, मी तिच्या दोन चुका सुधारल्या. ती म्हणाली, “नको ना पाठवू, अण्णा. उत्तर मी सांगते.” मी म्हणालो, मला लेखी हवं.

२१ नोव्हेंबर, बुधवार
लेखी आलं. एकच परिच्छेद. सूचना क्रमांक ११ नुसार, उत्तरपत्रिकेवर ओळख पटेल असा मजकूर लिहिलेला असल्यास ती तपासली जात नाही. आपली उत्तरपत्रिका तपासलेली नाही.
म्हणजे त्या तीन ओळी कोणी वाचल्याच नाहीत. की वाचल्या, आणि म्हणूनच?
अप्पा कागद वाचून घडी घालून शांतपणे म्हणाले, “रविवारी मानाजीकडे जाऊ.”

२४ नोव्हेंबर
ठीक आहे. मामा जिंकला. मी दुकानात बसेन, पण माझ्या अटींवर. एक: गल्ल्याजवळची खुर्ची. दोन: लेबलांवरचं स्पेलिंग मी तपासणार. तीन: मला ‘व्यंकू’ म्हणायचं नाही. अटी चांगल्या कागदावर उतरवल्या. मामाचा आनंद कसा सहन करायचा, एवढाच प्रश्न आहे.

२५ नोव्हेंबर, रविवार. रात्री ८
मामाने दुकानातच आमच्यासाठी कॉफी मागवली. अप्पांनी विषय काढला. मामा ओशाळला. म्हणाला, “मामा, ह्याला कुठे बसवू? माझ्याकडे माणसं पुरेशी आहेत.” अप्पा त्याचे मामा लागतात.
मी विचारलं, मग दर रविवारी परीक्षेची चौकशी कशाला?
“तू पास व्हावास म्हणून रे, राजा. बँकेत आपलं माणूस असलं की काउंटरवर ताटकळावं लागत नाही. आता हरिप्रिया जाईल ना.” मग अप्पांकडे वळून, हळूच, पण मला ऐकू जाईल इतकं, “आणि खरं सांगू? हा गिऱ्हाइकांकडे कसा बघतो ते तुम्ही पाहिलंय का? आत्ता ती बाई डबा न घेताच गेली.”
अटींचा कागद खिशातच राहिला.
परत येताना गाडीत बसायला जागा मिळाली. अप्पांना झोप लागली. मी जागा होतो, कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. तिकिटं माझ्याकडे होती.