कतेना म्हणजे साखळी

सोमवार, ३ मार्च

घसा पार बसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलणं बंद. माझं! त्यापेक्षा जेवण बंद करा म्हणावं! बायको चिठ्ठी घ्यायला पुन्हा आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, "रविवार संपेपर्यंत एक शब्द नाही."

रविवारीच तर सभा! ड्रायव्हर आणि कंडक्टर, दोन्ही युनियन एक झाल्या नाहीत तर डेपो ठेकेदाराच्या घशात. ड्रायव्हरांचा पुढारी मी, कंडक्टरांचा माझा मेहुणा. दर वेळी माझं भाषण अर्ध्यावर आलं की हा उठून चालता होतो. का, तर मी त्याला 'इतिहासाचा तिकीटफाड्या' म्हणालो. वैचारिक टीका होती ती!

मंगळवार, ४ मार्च

शब्द सापडला! कॉन्कॅटिनेट. मूळ लॅटिन: 'कॉन' म्हणजे एकत्र, 'कतेना' म्हणजे साखळी. कडीत कडी अडकवून जोडणं. नुसतं शेजारी ठेवणं नव्हे, वितळवून गोळा करणंही नव्हे – प्रत्येक कडी अख्खी राहते, तरी साखळी एक! ऐक्याचा अख्खा जाहीरनामा एका शब्दात!

पाटीवर लिहून बायकोला दाखवलं.

"साखळी म्हणजे, सायकलची?"

पुसलं. पुन्हा समजावून लिहिलं.

"बरं. मग यातली एक कडी दुसरीला भाषणाला किती वेळ देते?"

उत्तराला पाटी पुरली नाही.

शुक्रवार, ७ मार्च

गुळण्या. भाषण तेवीस पानं झालं. रविवारी आवाज फुटेलच, कोण अडवतो बघू! बायको दिवसभर गुणगुणते आहे.

रविवार, ९ मार्च

बायको पहिल्याच रांगेत, डोळे माझ्यावर. पाटी घेऊन मंचावर बसलो. मेहुणा शेजारी, उठायच्या बेतात. मी गप्प. तो थोडा थांबला. मग नीट टेकून बसला.

"दाजी, तब्येत बरी आहे ना?"

मी 'कतेना' लिहून पाटी पुढे केली.

"हे काय, औषध?"

सभा खो-खो हसली. मीही हसलो, बिनआवाजी. मग तोच उठला. "दाजींचा आवाज गेलाय. आज दोघांच्या वतीनं मीच बोलतो." चार वाक्यं बोलला. लॅटिन शून्य. ठराव एकमताने मंजूर! माझी पानं पिशवीतच राहिली.

सोमवार, १० मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घसा ठणठणीत आहे. गेल्या बुधवारपासून बोलू द्या म्हणून ताईंना तेव्हाच सांगितलं होतं की!"

घरी आलो. बायको चहा गाळत होती. "काय म्हणाल्या?"

गुरुवारी एकत्रित युनियनची पहिली बैठक.

पाटी घेतली. लिहिलं – 'अजून आठवडाभर एक शब्द नाही.'