मंगळवारच्या नोंदी

१ मार्च, रविवार

डिस्क मरायला टेकली! फायरवॉलचं मशीन उघडून बघितलं तर आयुष्य अकरा टक्के शिल्लक. चार वर्षं झाली नाहीत अजून. जुनाट ऑफिस-संगणक घरी आणून, बाहेरचं इंटरनेट आणि घर यांच्या मध्ये मी स्वतः बसवलेलं मशीन. घरात कोणता फोन कधी जोडला, काय उघडलं, सगळ्याची नोंद ठेवतं. नोंदी लिहून लिहूनच डिस्क झिजली.

मेहुणा जेवायला आला होता. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे सल्ला फुकट. "दाजी, रॅम डिस्क करून टाका. नोंदी मेमरीत राहतील, डिस्कला हात लागायला नको."

हो, आणि मशीन बंद केलं की सगळ्या नोंदी साफ! मग ठेवायच्या कशाला? ऑफिसात सत्तावीस वर्षं सर्व्हर सांभाळतोय. नोंद नाही तर काम झालंच नाही, असं मानणारा माणूस मी. नाही म्हणालो.

४ मार्च, बुधवार

आज कमाल झाली. हिने विचारलं, "अहो, ते रॅम डिस्कचं केलंत का?"

ही! जिला पेन ड्राइव्ह आणि चार्जर यातला फरक अजून कळत नाही! म्हणे, "डिस्क जाईल ना बिचारी." बिचारी!

भाऊ-बहिणीचं काहीतरी शिजतंय.

५ मार्च, गुरुवार

रॅम डिस्क होणार नाही. नाही म्हणजे नाही.

८ मार्च, रविवार

ही देवळात — नाही, भावाकडे गेली होती, काय फरक पडतो. घरी एकटा. आठ महिन्यांनी लॉग, म्हणजे नोंदींची यादी, उघडला. आमची पोरगी, चिंगी, घर सोडून गेल्यापासून उघडलाच नव्हता. कुणासाठी उघडायचा?

तिच्या फोनला मीच नाव दिलं होतं — 'चिंगी-मोबाईल'. यादीत ते नाव दिसलं आणि मला वाटलं जुनी नोंद असेल. जुनी कुठली! गेल्या मंगळवारची. ११:४० ला जोडला, ३:१० ला गेला. त्याआधीचा मंगळवार. त्याआधीचा. मागे मागे जात राहिलो. बावीस मंगळवार!

मी ऑफिसात, आणि पोरगी माझ्या घरात. आईबरोबर जेवते, बसते, मी यायच्या आत पसार. मंगळवारी रात्री ही "भूक नाही" म्हणून अर्धी पोळी खाते, त्याचं कारण आज कळलं. आणि मी मूर्ख तिला पित्ताची गोळी आणून देत होतो.

९ मार्च, सोमवार

कुणाशी काही बोललो नाही. डोकं फुटायची वेळ आलीय.

काय केलं होतं मी एवढं? तेव्हा लॉगमध्ये दिसलं, पोरगी रोज कुठल्यातरी मानसोपचाराच्या डॉक्टरची साइट बघते. काळजी वाटली म्हणून विचारलं. ठीक आहे, जेवताना विचारलं. मेहुणा आणि त्याची बायको समोर होते हेही ठीक आहे. ती ताटावरून उठली. "तुम्ही बाप आहात की वॉचमन?" पंधरा दिवसांत खोली घेऊन गेली.

बापाने विचारायचंही नाही?

१० मार्च, मंगळवार

ऑफिसातून घरचं मशीन उघडून बसलो. ११:४१ — चिंगी-मोबाईल. पडद्यावरची एक ओळ, दुसरं काय!

मग सव्वातीन वाजेपर्यंत बघत राहिलो. मीटिंग होती, गेलो नाही. फोनची आपोआप होणारी किरकोळ वर्दळ सोडली तर तिने काहीसुद्धा उघडलं नाही. ना व्हिडिओ, ना काही. म्हणजे दोघी साडेतीन तास नुसत्या बोलत होत्या.

माझ्याशी ती दहा मिनिटं तरी कधी बोलली होती? आठवत नाही. याची नोंद कुठे सापडणार.

संध्याकाळी हिने विचारलं, "दिवस कसा गेला?" म्हटलं, "तुझा कसा गेला?" म्हणाली, "नेहमीसारखाच." तोंडावर!

१३ मार्च, शुक्रवार

मेहुण्याच्या दुकानात जाऊन त्याला फैलावर घेतलं. आधी आढेवेढे, मग पठ्ठ्या सरळ बोलला. "दाजी, गेल्या महिन्यात चिंगीच्या लक्षात आलं की फोन आपोआप घरच्या वायफायला लागतो. रडायला लागली. म्हणाली, बाबांनी लॉग बघितला तर मी परत येणार नाही. ताई घाबरली. म्हणून म्हटलं रॅम डिस्क करा, रोज सकाळी ताई मशीन बंद-चालू करेल."

मी म्हटलं, फोनवर वायफाय बंद ठेवायचं, साधी गोष्ट!

"आईच्या घरात शिरताना फोन लपवायचा का तिने?" आणि मग हळूच, "ताईचं तेवढं राहू द्या हो."

राग आला. स्कूटर काढली आणि तडक घरी आलो.

१५ मार्च, रविवार

केली रॅम डिस्क. दर तासाला डिस्कवर नक्कल ठेवायची सोय असते, तीही घेतली नाही. जुन्या नोंदी पुसल्या. बावीसचे तेवीस झालेले मंगळवार एका आज्ञेत गेले. पुसण्याआधी यादी एकदा खालपर्यंत वाचली, खोटं कशाला लिहू.

हिला सांगितलं, "मला सगळं माहीत आहे. लॉग पुसला. पुन्हा बघणार नाही." ही पदर तोंडाला लावून रडली. मी म्हटलं, मंगळवारी मी रजा घेतो. तिला आधी कळवू नकोस, कळलं तर यायची नाही.

माफी मागायची का? मी? बघू. ती समोर बसली तर काहीतरी सुचेल.

१७ मार्च, मंगळवार

बारा झाले. साडेबारा. ती आली नाही. ही म्हणते, बस चुकली असेल, येईल, तुम्ही बसा.

राहवलं नाही. लॉग उघडला. मशीन चालू आहे तोवर आजच्या नोंदी मेमरीत असतातच.

चिंगी-मोबाईल. ११:४२ ला जोडला. ११:४३ ला गेला.

माझी स्कूटर फाटकातच लावलेली आहे.

ही तीन ताटं घेऊन बसली आहे. ती येऊन गेली, हे हिला सांगायला हवं. कुठून कळलं म्हणून सांगू?